बिनहळदीचं पिठलं

"द्रौपदम्मा, बांबू आले गं."

शेजारची बालम्मा हे तिच्या ओट्यावरून बोलली, पण हळू. बालम्मा आणि हळू बोलणं! एरवी ती चिमूटभर मीठ मागायची तरी अख्ख्या बोळाला कळायचं.

आई ज्वारी निवडत बसली होती. सूप बाजूला सारून ती दारात आली, तिच्यामागे मी. समोरच्या घरापुढे हातगाडी उभी होती आणि दोन माणसं तिच्यावरून बांबू उतरवत होती. बांबूंशेजारी सुतळीचा गुंडा होता आणि एक नवं कोरं मडकं.

"सकाळीच बघितलं होतं मी," बालम्मा म्हणाली. "अँब्युलन्समधून काढला तवा तोंडावर चादर होती. आन् ती पोरगी कशी रडत होती, ऐकलीस की तू."

"ऐकलं बाई."

"तरणाताठा माणूस. परांचीवरून पडला म्हणतेत. कुठं तरी नव्या बिल्डिंगीवर."

आईनं डोक्यावरून पदर घेतला, आत आली आणि मला म्हणाली, "उज्जे, स्टो पेटव. बेसन किती हाय बघ."

मला काही विचारावं लागलं नाही. रंगारी बोळात वाढलेल्या कुणालाच विचारावं लागलं नसतं.

आमचा बोळ सोलापूरच्या पूर्व भागातला. कधीकाळी इथं सूत रंगवणारे राहायचे, त्यावरून नाव पडलं. पुढं हातमाग आले, गिरण्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग पोटासाठी माणसं आली. बालम्माचा सासरा तेलंगणातून चालत आला होता, पाठीवर माग बांधून, असं ती सांगायची. अख्खा माग पाठीवर कसा बांधतात हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही. माझे आजोबा दुष्काळात मंगळवेढ्याहून आले. समोरच्या घरातल्या जुलेखाखालाचं सासर मोमीन विणकरांचं. ते उत्तरेकडून कधी आले हे त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. म्हणजे सगळीच उपरी. सोयरेधायरे लांब गावाकडं. मग घरात माणूस गेलं, चूल बंद पडली, की पहिला घास आणणार कोण? त्यातून बोळानं आपला एक रिवाज पाडला. ज्या घरी मरण, त्याच्या समोरच्या दारानं पहिलं जेवण न्यायचं. जात बघायची नाही, धर्म बघायचा नाही. कुणाचं कशावाचून अडू नये म्हणून जेवणही ठरलेलं. नुसतं बेसन, पाणी आणि मीठ. हळद नाही, मिरची नाही, कांदा-लसूण नाही, फोडणी तर नाहीच. सोबत ज्वारीच्या भाकरी आणि वर पांढरं फडकं. नेणारीनं तोंडातून शब्द काढायचा नाही. उंबऱ्याच्या आत ठेवायचं आणि मागं न बघता परत यायचं.

माझे वडील गेले तेव्हा ते पिठलं जुलेखाखालानं आणलं होतं. आई काही खाईना. तेव्हा खाला रिवाजबिवाज गुंडाळून आत आली, आईजवळ मांडी घालून बसली आणि तिची हनुवटी धरून तिनं पहिला घास भरवला. आई ते आयुष्यभर सांगायची. आम्ही जगलो ते त्या घासामुळे, असं तिचं ठाम मत होतं.

पण मी सांगतेय त्या वेळी खाला बोळात राहिली नव्हती. गिरण्या बंद पडल्या, माग थंडावले. खालाच्या मुलांनी त्यांच्या लोकांच्या वस्तीत घर घेतलं. "इथं आता आपलं कोण उरलं गं," असं ती जाताना बोलून गेली, आणि ते आईला फार लागलं. बालम्माची मुलं नव्या कॉलनीत बंगला बांधून राहिली. म्हातारी तेवढी हट्टानं मागे थांबली. रिकामी घरं मालकांनी खोली-खोलीनं भाड्यानं दिली. कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं. इमारतींच्या कामावर येणारी ही माणसं पहाटे जायची आणि अंधार पडल्यावर यायची.

"भाइरची मान्सं शिरली आन् बोळ नासला," बालम्मा म्हणायची. पाठीवर माग घेऊन आलेल्या सासऱ्याचं नाव घेऊन झाल्यावर लगेच म्हणायची, आणि तिला त्यात काही खटकायचं नाही. आईलाही खटकायचं नाही. मलाही तेव्हा खटकलं नव्हतं.

खालाच्या घरात दिवाळीच्या सुमारास उत्तर प्रदेशातलं एक जोडपं आलं होतं. तो रामनयन, छताला प्लास्टर करायचा. तिचं नाव फुलमती. तिचं नाव आम्हाला ठाऊक होतं ते तो कामावरून आल्यावर दाराबाहेरून हाक मारायचा म्हणून.

तर आईनं पिठलं रटरटत ठेवलं आणि भाकरी थापायला घेतली. बालम्मा आमच्या दाराला टेकून उभी होती.

"त्यांच्यात चालतं का पन आपलं? तू कशाला जातीस? त्येंची मान्सं आलेत की चार."

"समोरचं दार माझं हाय," आई म्हणाली. "मी न्हाई गेले तर कोण जाणार? ती पोरगी उपाशी बसंल."

रिवाज बालम्मालाही मोडवत नव्हता. ती नुसतं "बघ बाई" म्हणाली आणि मला भाकरीवर टाकायला तिच्या घरचं धुतलेलं पांढरं फडकं आणून दिलं.

पिठल्याचं पातेलं आणि भाकरी आईनं घेतल्या, पाण्याची कळशी मी. बांबू घेऊन आलेले लोक आम्हाला बघून बाजूला झाले. दार उघडंच होतं. आत अंधारलेलं होतं, आणि बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे डोळ्यांना काही दिसेना. फुलमती भिंतीशी बसली होती. ती गडबडीनं उठली. आईनं पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं, त्यावर भाकरी ठेवल्या, हात जोडले आणि वळली. मीही कळशी ठेवली.

आई गेली. मी मात्र मागं बघितलं. का, ते सांगता येत नाही. बघू नये म्हणतात म्हणून असेल.

कोपऱ्यातल्या खाटेवर, उशीला टेकून, डोक्याला पट्टी बांधलेला रामनयन बसला होता. माझ्याकडे बघत होता.

"कौन है?" त्यानं बायकोला विचारलं.

मी रस्ता कसा ओलांडला मला आठवत नाही. आई मोरीत हातपाय धूत होती.

"आई, तो बसलाय."

"कोण?"

"तोच. मेलेला."

आईनं तांब्या खाली ठेवला. "येडी झालीस का?"

"खाटेवर बसलाय. बोलला."

"मग ते बांबू?"

आम्ही दोघींनी दारातून बघितलं. ते लोक बांबू उभे करून घराच्या पत्र्यावर आणि दारापुढं ताडपत्रीचा मांडव घालत होते. पत्रा तापतो, आत आजारी माणूस. एवढं साधं. मडक्यात एकानं गार पाणी भरून आत नेलं.

आई खाली बसली. मग एकदम उठली. "त्यांनी तोंडात घालायच्या आत आणते," म्हणाली आणि अनवाणी धावली. मी तिच्यामागे.

उशीर झाला होता. फुलमती खाटेच्या कडेवर बसून भाकरी पिठल्यात कुस्करून नवऱ्याला भरवत होती. आईला बघून ती इतकी खुलली की मला तिच्याकडे बघवेना.

"अम्मा, आइये ना. अंदर आइये." तिनं पदरानं जमीन झटकली. "आपको कैसे पता चला? डाक्टर बोला, पेट में चोट है, मिरचा-मसाला कुछ नहीं देना, तेल भी नहीं. हम तो सोच में पड़े थे, क्या बनायें. और आप वही लेके आ गयीं!"

"वो... मैं बर्तन..." आईचा हात पुढं झाला होता. पातेल्याच्या दिशेनं. तो तिथंच थांबला.

"बहुत हल्का है, अम्मा," रामनयन म्हणाला. त्याचा आवाज खोल गेलेला होता. "पेट को ठंडा लगा. अस्पताल में तो कुछ उतरता ही नहीं था. हमीं ज़िद करके चले आये घर."

सकाळी ती का रडत होती तेही कळलं. खाटेवर ठेवताना तो वेदनेनं ओरडला, म्हणून. तोंडावर चादर होती ती उन्हासाठी.

आईनं हात मागं घेतला. "खा बाबा, खा," ती मराठीत म्हणाली. "पोटभर खा."

घरी आल्यावर बालम्मा वाटच बघत होती. "आनलीस का परत?"

"खाल्लं त्यानं."

"अय्यो देवा! मेलेल्याच्या घरचं जेवन जित्या मान्सानं खाल्लं?"

"तूच म्हणालीस, बांबू आले."

"बांबू आले म्हनलं मी. मेला कुठं म्हनलं?" बालम्मा म्हणाली, आणि हे खरंच होतं. ती तसं म्हणाली नव्हती. आम्हीच तिघी तसं समजलो होतो. घराच्या आत जाऊन "कसं आहे" म्हणून विचारलं असतं तर कळलं असतं. पण हे त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलमती पहिल्यांदा आमच्या दारात आली. पातेलं लख्ख घासलेलं, त्यात गुळाचा खडा. बहुधा त्यांच्यातही भांडं रिकामं परत देत नसावेत.

"अम्मा, आज भी थोड़ा बना देंगी? और कुछ खाते ही नहीं. वही माँग रहे हैं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग "हां, हां" म्हणाली.

तिनं त्या दिवशी पिठल्यात चिमूटभर हळद घातली आणि जिऱ्याची जराशी फोडणी दिली. मेल्याचं पिठलं आणि जित्याचं पिठलं यात काही तरी फरक पडावा म्हणून. मला म्हणाली, "बघ, आता हे वेगळं झालं." तिला फार हायसं वाटलेलं दिसलं. रामनयननं दोन घास खाल्ले आणि ओकून टाकले. फुलमती परत आली, कानकोंडी होऊन. "कल वाला था, वो ही..."

मग रोज तेच. बेसन, पाणी, मीठ. आई स्टोपुढं बसून ते ढवळायची तेव्हा ओठांत काहीबाही पुटपुटायची. देवाचं नाव घेत असावी. पांढरं फडकं मात्र तिनं पुन्हा वापरलं नाही. माझी जुनी फुलाफुलांची ओढणी टाकायची.

मरणाचं खायला घालून मारशील त्याला, असं म्हणून बालम्मानं आईशी बोलणं टाकलं. मग राहवेना तशी एक दिवस येऊन उभी राहिली.

"रोज नेतीस? रोज? तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की."

"मग?"

"तो जगला पायजे, बालम्मा," आई म्हणाली. "तो उठून कामावर गेला की ते पिठलं नुसतं पिठलंच. मी आजाऱ्याला घास दिला, संपलं. पण त्याला काय झालं, तर मी त्याच्या मरणाचं आधीच वाढून आले म्हणायचं. माझ्या हातानं."

"तिला सांगितलीस का?"

"काय सांगू? तुझा नवरा मेला समजून आले म्हणून सांगू?"

बालम्मा आपल्या ओट्यावर परत गेली. बोळातली जुनी माणसं मात्र सोडेनात. मागच्या घरची आजी आईला नळावर पुढं होऊ देईना. कुणी म्हणालं, हिच्या हाताला काही तरी आहे. आईनं ते सगळं ऐकून घेतलं. तिला त्याचं काही नव्हतं. तिचा सगळा जीव त्या खाटेवर होता. सकाळी उठली की आधी समोर बघायची, ताडपत्रीखाली माणसं जमली नाहीत ना. नाहीत म्हटल्यावर चहा टाकायची.

आणि खरं सांगायचं तर तिला तिथं जायला आवडायला लागलं होतं. पहिले काही दिवस पातेलं ठेवून यायची. मग बसायला लागली. फुलमती एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. तिच्या गावातली नदी, तिची सासू, तिनं पाळलेली बकरी, सगळं आईला सांगायची. आईला निम्मं कळायचं नाही, पण ती मान हलवायची आणि मंगळवेढ्याच्या गोष्टी सांगायची, ज्यातलं फुलमतीला काहीच कळत नसावं. एका दुपारी मी गेले तर आई तिच्या केसांना तेल लावत होती आणि दोघी हसत होत्या. खाटेवरून रामनयनही हसत होता, पोट धरून, कारण हसलं की त्याला दुखायचं. खाला गेल्यापासून मी आईला असं हसताना बघितलं नव्हतं.

"पोरगी लई गुणाची हाय गं," आई घरी येऊन म्हणाली. "एकटी पडली होती बिचारी."

हळूहळू तो सुधारत गेला. आधी भिंत धरून उभा राहिला. मग बायकोच्या खांद्यावर हात टाकून दारापर्यंत आला. एका संध्याकाळी तो उंबऱ्यावर बसलेला आईनं बघितला आणि ती मला जवळजवळ ओढतच बाहेर घेऊन आली.

"बघ! बघ की! बसलाय भाईर!"

रामनयननं तिकडून हात जोडले. "अम्मा, अब तो हल्दी वाला भी चलेगा," तो म्हणाला.

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती घरात आली, डब्यातली साखर वाटीत काढली आणि जी आजी नळावर तिला पुढं होऊ देत नव्हती तिच्यासुद्धा हातावर ठेवून आली. बालम्माकडे गेली तेव्हा बालम्मानं साखर तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली आणि म्हणाली, "बरं झालं बाई. मीच रोज आमच्या मार्कंडेय देवाला सांगत व्हते." मग तिनं मुलानं आणलेलं एक डाळिंब काढलं आणि स्वतः समोर नेऊन दिलं. ती त्या दारात पहिल्यांदाच गेली होती.

त्या रात्री आई निवांत झोपली. सकाळी फुलमतीच्या हाकेनं उठली.

रामनयनचं पोट फळीसारखं घट्ट झालं होतं आणि त्याला घाम फुटला होता. खांद्यात कळा येतात म्हणत होता. त्याचा चुलतभाऊ रिक्षा घेऊन आला. आईनं त्याचे पाय उचलले, मी डोकं धरलं, आणि त्याला रिक्षात घातलं. फुलमती चढली. आई चपला घालून निघाली तेवढ्यात रिक्षा वळलीसुद्धा. ते दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. आत कुठं तरी रक्त साचत गेलं होतं, असं नंतर कळलं. आईला ते किती वेळा समजावलं तरी तिच्या डोक्यात शिरलं नाही.

रिक्षा परत आली तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. या वेळी अंदाज करायची गरज नव्हती. फुलमती उतरली ती चालत आमच्याच दारात आली, आईच्या कमरेला मिठी मारून खाली बसली आणि ओरडली. ते ओरडणं मी लिहू शकत नाही.

त्यांच्यातल्या दोन बायका आल्या आणि तिला घरी घेऊन गेल्या. आई स्टोपुढं जाऊन बसली. बेसनाचा डबा तिनं मांडीवर घेतला होता आणि झाकण उघडत नव्हती.

बालम्मा आली.

"उठ, द्रौपदम्मा. घास न्यायचा हाय."

"कुठला घास?" आई म्हणाली. "रोज न्यायची तोच? रोज मी तेच नेलं की गं. आता दुसरं काय नेऊ?"

"तू मारली न्हाईस त्याला."

"तू म्हणायचीस."

"म्हनत व्हते. आता न्हाई म्हनत." बालम्मानं तिच्या मांडीवरचा डबा काढून घेतला. "सर तू."

मग बालम्मानं ते पिठलं केलं. आमच्या घरात, आमच्या पातेल्यात. भाकरी तिला नीट जमायची नाही, ती मी थापली. दुपारी आम्ही तिघी निघालो. खरं तर एकीनंच जायचं असतं. पण आईला एकटीनं जाववेना आणि बालम्मा तिला एकटीला सोडेना.

रामनयनला बाहेर ताडपत्रीखाली ठेवलं होतं. दुसऱ्या शहरात कामाला असलेला भाऊ निघाला होता, त्याची वाट बघत होते. फुलमती आत भिंतीशी होती. रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं. बालम्मानं पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि ती वळणार, तेवढ्यात फुलमती म्हणाली, "ये क्यों लायी हो?"

कुणी बोललं नाही. बोलायचं नसतं.

"ये तो उनका था. अब कौन खायेगा?"

बालम्माला ते सहन झालं नाही. तिला वाटलं, पोरीला समजत नाही, समजावून सांगावं. ती तिच्या मोडक्या हिंदीत मायेनं म्हणाली, "तुम्हारे वास्ते है, बेटी. हमारी गल्ली का रिवाज है. कोई मर गया तो सामने का घर ये लाता. बिन हळदी का. ये खाके आदमी को ताकत आती, रोने की."

फुलमती पातेल्याकडे बघत राहिली. फिकट पिठल्यावर साय धरत होती. मग तिनं मान वर करून आईकडे बघितलं.

"और उस दिन?"

आईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

"उस दिन भी यही था, अम्मा. जिस दिन अस्पताल से लाये."

बालम्माच्या आता लक्षात आलं. तिनं तोंडावर पदर धरला. मला वाटलं आई काही तरी रचून सांगेल. आजाऱ्यालाही आम्ही हेच देतो म्हणेल. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, सांग, काहीही सांग.

"बांबू दिसले," आई म्हणाली. "मुझे लगा, गया."

मला वाटलं फुलमती आता अंगावर येईल, पातेलं फेकेल, आईला शिव्या घालेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती भांडत नव्हती. आपल्यालाच समजावून सांगावं तशी ती सावकाश बोलत होती.

"हम दिवाली में आये थे. दरवाज़ा यहाँ, आपका दरवाज़ा वहाँ. एक बार हमको पंद्रह दिन बुखार था, ये काम पे जाते थे, हम यहीं पड़े रहते थे. आप लोगों की आवाज़ सुनाई देती थी. हम सोचते थे, कोई आयेगा. कोई नहीं आया." तिनं नाक पुसलं. "फिर आप आयीं. हम इनसे बोले, देखो, हम कहते थे ना, इतने बुरे लोग नहीं हैं. और आप तो मरा समझ के आयी थीं."

"बेटी..." आई पुढं झाली.

"ज़िंदा के लिए नहीं आते हैं क्या, अम्मा, आपकी गली में?"

हे ती खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं. मी तिथं कळशी घेऊन उभी होते आणि मला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नाही.

शेवटी तिच्यातल्याच एका बाईनं ते पातेलं उचलून बाहेर आणून ठेवलं. रागानं नाही, वाटेत होतं म्हणून.

फुलमतीचा दीर आला, क्रियाकर्म झालं, आणि तो तिला गावी घेऊन गेला. रिक्षात एक ट्रंक आणि एक वळकटी, एवढंच सामान होतं. आई दारात उभी होती. फुलमतीनं तिला बघितलं, हात जोडले आणि रिक्षात बसली. परक्या माणसाला जोडतात तसे जोडले.

पावसाळा संपता संपता त्या घरात ओडिशाकडचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि रांगतं मूल. बाई सकाळी मूल कडेवर घेऊन दारात उभी राहायची आणि आमच्याकडे बघायची. आई वाटीत काही ना काही घ्यायची, कधी शेंगदाण्याची चटणी, कधी लाडू, पदर सावरायची आणि आमच्या उंबऱ्यापर्यंत जायची. तिथं थांबायची. मग माघारी येऊन वाटी परत फडताळात ठेवायची.

"जा की," मी म्हणायची. "चार पावलं तर आहेत."

"जाते की," ती म्हणायची. "पन काय म्हणून जाऊ गं?"